काळी चारमधलं सोलापूर

गुरुवार

सकाळी सातला हडपसरला टेम्पो ट्रॅव्हलर आली आणि सामान चढवून आम्ही अकरा मिनिटांत निघालो. तीन वर्षांपूर्वी हेच काम दोन तासांचं होतं. तेव्हा पुढे ट्रक गेलेला असायचा. त्यात एलईडीची भिंत, धूर सोडणारी यंत्रं, नाचणाऱ्या आठ पोरांच्या कपड्यांच्या पेट्या. आता आवाज जुळवायचा एक मिक्सर, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे चार स्पीकर, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, गिटार, लहान ड्रमसेट, ढोलकी आणि एक स्टीलचा थर्मास. थर्मासला कुणी हात लावायचा नाही.

थर्मास अक्काचा. अक्का म्हणजे आमची गायिका. सोलापूरची, घरी तेलुगू बोलणारी, म्हणून बँडमधली पोरं तिला अक्का म्हणतात. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असूनही मीही अक्काच म्हणतो, ती मला काका म्हणते. तिचं नाव लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही लगेच ते एक गाणं लावाल, आणि मला त्या गाण्याबद्दल लिहायचं नाहीये. (बरंचसं त्याच्याबद्दलच होणार आहे, ते मला माहीत आहे.)

मी मिक्सरवर बसतो. गायकाचा आवाज लोकांच्या कानावर पडायच्या आधी माझ्या बोटांखालून जातो, त्यामुळे त्याच्या घशात काय चाललंय ते डॉक्टरच्या आधी आम्हाला कळतं. मलाही कळलं होतं. मी बोललो नाही.

ते गाणं आलं त्या वर्षी गणपतीत, नवरात्रात, हळदीत, वरातीत दुसरं काही वाजलंच नाही. लग्नसराईत महिन्याला बावीस-तेवीस कार्यक्रम व्हायचे. गाणं काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, आणि मुखडा थेट वरच्या सा वर उघडणारा. त्या सा ला स्वरतंतू सेकंदाला ४६६ वेळा एकमेकांवर आपटतात. असं रोज रात्री, धुरात, तीन-तीन तास. शेतात राबणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात तसे तिच्या स्वरतंतूंवर पडले. डॉक्टरांनी सांगितलं, कापायची गरज नाही, गप्प बसायची आहे. आधी पूर्ण मौन, मग बोलण्याचे धडे, मग खर्ज. या सगळ्यात चौदा महिने गेले. खर्ज शिकायला ती एका म्हाताऱ्या ख्यालवाल्या बाईंकडे जायची. त्यांनी सहा महिने तिला एकही गाणं गाऊ दिलं नाही.

आता ती परत गाते. दौरा सहा गावांचा, सोलापूर त्यातलं तिसरं. आठवड्याला जास्तीत जास्त दोन कार्यक्रम, सव्वा तास गाणं, समोर खुर्च्या, डीजे नाही. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी कार्यक्रम ठेवायचा नाही. हा शेवटचा नियम ऐकून मीच सगळ्यात जास्त कुरकुर केली होती. सात माणसांची एक रात्र हॉटेलात नुसती झोपून काढायची, त्याचे पैसे कोण देणार? ती म्हणाली, "माझ्यातून कापा."

चौफुल्याला चहा झाला. पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुला आणि पुढे मोडनिंब, दोन्हीकडे लावणीची कला केंद्रं. आमचे ढोलकीवाले मामा तरुणपणी दोन्हीकडे वाजवून आलेले. रात्री दहापासून पहाटेपर्यंत एकेका बाईनं किती बैठका करायच्या याचे हिशेब ते सांगत होते. "तिथं घसा बसला तर कोण दौरा रद्द करतंय?" ते म्हणाले. अक्का काही बोलली नाही. दुपारपर्यंत ती तशीही कमीच बोलते.

ड्रमरचं वय तेवीस, त्याचे दाखले इंग्रजी गाण्यांतले. ॲडेलच्या स्वरतंतूंतून २०११मध्ये रक्त आलं, अमेरिकेचा दौरा रद्द झाला, नोव्हेंबरात शस्त्रक्रिया, आणि २०१२च्या फेब्रुवारीत तिनं एकाच रात्री सहा ग्रॅमी उचलली. म्हणजे बघा अक्का! अक्कानं मान हलवली. तिला ॲडेलचं कौतुक आहे, पण त्या चौदा महिन्यांत तिनं धरून ठेवला होता तो कॅनडाचा शॉन मेंडिस. त्यानं २०२२च्या जुलैमध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सात कार्यक्रम झाल्यावर जगाचा दौरा थांबवला आणि मग पुढचा सगळा रद्द केला. घसा ठीक होता, मन ठीक नव्हतं, तसं त्यानं उघड सांगितलं. परतला तो आधी छोट्या छोट्या थिएटरांत. २०२४च्या नोव्हेंबरात अल्बम आला, नाव नुसतं 'शॉन'. २०२५च्या मार्चमध्ये तो मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गायला तेव्हा अक्का गर्दीत उभी होती. आल्यावर मला एवढंच म्हणाली होती, "काका, त्यानं तारखाच परत केल्या. तारखा परत करता येतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

कुणी म्हणजे मी, मॅनेजर, आम्ही सगळे.

भिगवणला डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसायला लागलं आणि उजवीकडे बारामतीचा फाटा आला. तिथं मामांनी ड्रमरला आपला दाखला दिला. म्हणाले, तुझे ते कॅनडावाले राहू देत, सोलापुरात हे दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. राम जोशी. पेशवाईच्या उतरत्या काळातला सोलापूरचा शाहीर, ब्राह्मणाचं पोरगं, तमाशाच्या नादी लागलं. सांगतात ते असं, की भावानं घराबाहेर काढलं. मग पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला, परत येऊन पुन्हा लावणीच लिहिली, पण आता शब्दांना वेगळीच धार. पुढे बारामतीच्या मोरोपंतांची गाठ पडली, त्यांनी बोल लावला, आणि यानं भर फडात डफ फोडला न् कीर्तनाला उभा राहिला.

"मग लावणी सुटली?" ड्रमरनं विचारलं.

"सुटती व्हय?" मामा म्हणाले.

डफ फोडल्याची गोष्ट खरी किती आणि रंगवलेली किती, देव जाणे. लोकांना फुटलेला डफ आवडतो. पंढरपुरातली वर्षं कुणी रंगवून सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय, माणूस बसून पाठ करत होता. मला आता त्या वर्षांचंच नवल वाटतं. त्याच्या लावणीत शृंगार आणि संस्कृत वृत्तं एकाच पंगतीला बसतात ती तिथूनच आलेली.

इंदापूर, टेंभुर्णी, मोडनिंब, मोहोळ. लांबोटीला चिवडा घेतला, तो तसा घ्यायचाच असतो. अक्कानं खाल्ला नाही, तेलकट. मुठीत घेऊन वास मात्र घेतला. सोलापुरात शिरताना रिक्षावाला आडवा आला आणि आमच्या ड्रायव्हरला म्हणाला, "कुठं जाऊलालाव बे?" मागून अक्का एकदम खळखळून हसली. सकाळपासूनचा तो तिचा पहिला मोठा आवाज.

शुक्रवार

सुट्टीचा दिवस. पहाटे सिद्धेश्वर तलावावर गेलो. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी हा तलाव खोदवला असं मानतात. कन्नडमध्ये वचनं लिहिणारे, शहराचे ग्रामदैवत. पाण्याच्या मध्ये मंदिर, काठाला भुईकोट किल्ला. किल्ल्याबद्दल मी काही लिहीत नाही, आम्ही बाहेरूनच पाहिला. संक्रांतीची यात्रा होऊन गेली होती. सात नंदीध्वज, योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, अक्षता, शोभेचं दारूकाम, सगळं उरकलेलं. राहिला होता तो होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार. तिथं संध्याकाळी जायचं ठरलं.

त्याआधी पूर्व भाग. अशोक चौकाकडून आत वळलं की पाट्या बदलतात, बोली बदलते. पद्मशाली विणकर तेलंगणातून इथं आले, हातमाग आणला, मग यंत्रमाग आले, आणि ज्या चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे ती या गल्ल्यांतून बाहेर पडली. आता बरेच माग टॉवेलचे. गिटारवाल्याच्या हातात रेकॉर्डर तयारच होता. मागाचा खटखटाट टिपायचा, त्यावर नव्या गाण्याचा ठेका बांधायचा, ही त्याची पुण्याहून आणलेली कल्पना. मलाही ती बरी वाटली होती.

अक्का एका कारखान्याच्या दाराशी थांबली. आत सहा माग चालू, बोललेलं ऐकू येईना. बाहेर येऊन ती गिटारवाल्याला म्हणाली, "दहावीचा अभ्यास मी या आवाजात केलाय. बाबांना शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं. मोठ्यानं बोलायची सवय मला कुठून लागली असेल?" रेकॉर्डर पिशवीत गेला. मलाही उगाच ओशाळल्यासारखं झालं. आम्हा लोकांना दुसऱ्याच्या घरातला गोंगाट फार लवकर 'संगीत' वाटायला लागतो.

दुपारी तिच्या आईकडे जेवायला. अक्कलकोट रस्त्याला कुंभारीजवळ गोदूताई परुळेकर वसाहत आहे. विडी कामगार बायकांसाठी उभी राहिलेली दहा हजार घरं. गल्ल्या इतक्या सारख्या की अक्कालाही दोनदा विचारावं लागलं. तिची अव्वा, म्हणजे आई, ओट्यावर सूप मांडीवर घेऊन बसली होती. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. बघता बघता एक विडी. "रा, कूर्चो," ती लेकीला म्हणाली, आणि आम्हाला मराठीत, "बसा की."

लेकीनं विडी सोडायला हजारदा सांगितलंय. घरात पैशाला तोटा नाही. "हात रिकामा ऱ्हात न्हाई," एवढंच उत्तर. पूर्वी दिवसाला हजार व्हायच्या, आता चारशे. जुडी बांधताना ती तेलुगूत मोजते, ओकटी, रेंडु, मूडु. जोडीला आकाशवाणी सोलापूर केंद्र. अक्काचं नवं गाणं या मोजणीचं आहे. पंचवीस विड्यांची जुडी, गाणं चोवीसपर्यंत मोजतं आणि थांबतं, कारण पंचविसावी तपासणीत बाद झालेली. शब्द तिचेच, मराठीत तेलुगू मिसळून. पूर्वीचं गाणं लिहून मिळालं होतं, चाल मिळाली होती, नाचाच्या स्टेप मिळाल्या होत्या. हे लिहायला तिला चार महिने लागले आणि त्यातले तीन ती बोलत नव्हती.

जेवायला कडक भाकरी, शेंगाभाजी, दही, शेंगाचटणी. सोलापुरात दाणे म्हणत नाहीत, शेंगा म्हणतात, आणि चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली. अव्वानं लेकीसाठी वेगळी केली होती, तिखट निम्मं. ताटात वाढताना म्हणाली, "आवाज बारीक झाला म्हन्ते लोक."

"बारीक नाही अव्वा, ओरडत नाही आता."

"ओरडलीस म्हनून तर घर झालं भावाचं."

यावर कुणी काय बोलणार? मामांनी आणखी एक भाकरी मागितली.

रात्री गड्डा. पाळणे, भेळ, मौत का कुवा, बांगड्या, चिमण्या-मोटारी. अक्कानं तोंडाला स्कार्फ बांधलेला. सगळ्यात मोठ्या पाळण्याच्या कर्ण्यातून काय वाजत असेल? तेच. काळी पाच, धडधड, वर तिचा तीन वर्षांपूर्वीचा आवाज. पाळण्यातली पोरं तोंडपाठ ओरडत होती. ती तिथं खिळल्यासारखी उभी राहून अख्खं गाणं ऐकत राहिली. मला वाटलं, डोळ्यांत पाणीबिणी येतंय की काय. गाणं संपल्यावर म्हणाली, "काका, दुसऱ्या कडव्यात मी बेसूर आहे. तुम्ही मशीननं सरळ केलंत ना?"

"केलं."

"कळतंय."

मग पार्क चौकातल्या चौपाटीवर पोरांनी डिस्को भजी खाल्ली. ती थर्मास घेऊन गाडीत बसली.

शनिवार

कार्यक्रम हुतात्मा स्मृती मंदिरात. ज्यांच्या नावानं हे सभागृह आहे त्या चौघांना, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. १९३०च्या मे महिन्यात या गावानं इंग्रज अंमलदारांना पळायला लावलं होतं आणि त्यावर मार्शल लॉ आला होता. सोलापूरकर हे रिक्षात बसल्या बसल्या सांगतात, तारखांसकट. आमच्या रिक्षावाल्यानंही सांगितलं.

चार वाजता साउंडचेक. इथं थोडं धंद्याचं बोलतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

पूर्वी तिच्या आवाजात अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास एक पत्र्यासारखी धार होती. मैदानात ती उपयोगी पडायची, ढोल-ताशे कापून आवाज पुढे यायचा. पण कानाला टोचायची, म्हणून मी तिथं कापत राहायचो. जितका घसा खराब, तितकं जास्त कापायचं. आता मिक्सरवर तिथं काहीच कापलं नाही तरी टोचत नाही. उलट खाली, दोन-अडीचशेच्या घरात, पूर्वी नव्हतं असं काहीतरी भरीव आलंय. ते सांभाळायचं तर ढोलकीचा बायाँ आणि कीबोर्डचा डावा हात मागे घ्यावा लागतो. म्हणजे तिनं पट्टी उतरवली आणि त्यापायी आम्ही सगळेच हळू वाजवायला लागलो. मामांना हे सगळ्यात आधी जमलं. ड्रमरला अजून जमतंय.

मनात बदल झाला की गाणं बदलतं, असं मुलाखतींत सगळेच गायक म्हणतात. मी इतकी वर्षं ते ऐकून हसत आलो. माझ्या खुर्चीवरून दिसतं ते एवढंच, की काळी पाचची काळी चार झाली. वरचा सा ४६६ वरून ४१५ वर आला, सेकंदाला पन्नासेक धक्के वाचले. दोन गाण्यांच्या मध्ये ती पाणी पिते आणि लोक थांबतात.

साडेसहाला दार उघडलं. पुढच्या चार रांगा नातेवाईक, गल्लीतल्या बायका, अव्वा नव्या साडीत. मागे कॉलेजची पोरं. हॉल भरला नव्हता, तेही लिहून टाकतो. वरची गॅलरी अर्धी रिकामी. जुन्या दिवसांत मी अशा वेळी मॅनेजरच्या चेहऱ्याकडे बघायचो. आता मॅनेजर नाहीच.

पहिली तीन गाणी शांतपणे गेली. शांतपणे म्हणजे टाळ्या पडल्या, पण पोरं चुळबुळत होती. चौथ्याला मागून आरोळी, "ते लाव की बे!" हसू उसळलं. अक्का म्हणाली, "लावते की. जेवण झाल्याशिवाय पान देतंय का कुणी?" सोलापुरी हेल तिच्या तोंडात परत आला होता, पुण्याला तो अजिबात नसतो.

मोजणीचं गाणं सहावं. ओकटी, रेंडु. बायकांच्या रांगेत आधी कुजबुज झाली, मग त्याही मोजायला लागल्या. मी मॉनिटर थोडे खाली घेतले, हॉलचा आवाज तिला ऐकू जावा म्हणून. आणि पदिहेनु, पदहारु असं वर चढताना, सतरावर, आवाज फुटला. चक्क फुटला. अर्धा सूर, मग नुसती हवा.

माझा उजवा हात आपोआप सोळा नंबरच्या फेडरवर, आवाज वरखाली करायच्या सरकत्या बटणावर, गेला.

आता सांगायलाच हवं. जुन्या कार्यक्रमांत सोळा नंबरवर ट्रॅक असायचा, स्टुडिओत गायलेला तिचाच आवाज. घसा दगा द्यायला लागला तसतसा मी तो गुपचूप वर करत गेलो, आधी मुखड्यापुरता, मग कडव्यांपुरता. एका गावात तर जवळजवळ पूर्ण गाणं ट्रॅकनं गायलं आणि ती नुसती ओठ हलवत, नाचत होती. लोक खूश, आयोजक खूश. उतरल्यावर ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल. महिनाभरानं तपासणीत गाठी सापडल्या. मी तो फेडर वर केला नसता तर ती महिनाभर आधी थांबली असती का, हा हिशेब मी बऱ्याच रात्री केलाय. उत्तर येत नाही.

हात फेडरवर गेला आणि लक्षात आलं की तिथं काहीच नाही. पुण्यात पहिल्या तालमीलाच तिनं माझ्यासमोर लॅपटॉपमधले सगळे ट्रॅक पुसले होते.

ती थांबली. थर्मासचं झाकण उघडलं, दोन घोट घेतले. त्या शांततेत झाकणाचा आवाजसुद्धा माइकमधून हॉलभर गेला. मामांनी बोटांच्या टोकांनी नुसती चाटीवर टिकटिक धरून ठेवली, ठेका असा नाहीच. मग चौथ्या रांगेतून अव्वाचा आवाज आला, तिला मोजणी तुटलेली खपत नाही, "पदिहेडु!"

हॉल हसला, अक्का हसली, आणि हसत हसतच पदिहेडुपासून पुढे गेली. चोवीसवर थांबली. मी काहीच केलं नाही. मिक्सरवर बसून काहीच न करणं फार अवघड असतं.

शेवटी ते गाणं. काळी चारमध्ये, लय पाऊण, ढोलकी आणि गिटार एवढंच. पहिल्या दोन ओळी पोरांना ओळखच पटेना, मग पटली तेव्हा त्यांनी आपल्या पट्टीत ओरडून म्हणायचा प्रयत्न केला, आणि तो फसला, कारण गाणं त्यांच्याखालून चाललं होतं. दुसऱ्या कडव्यात, जिथं ती बेसूर होती आणि मी सरळ केलं होतं, तिथं सूर लागला. मी सोडून ते कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. गॅलरीतली काही पोरं मध्येच उठून गेली, तेही खरं. जाताना एक जण जिन्यात म्हणत होता, "गाणं झोपवलं बे हिनं."

अव्वाचं मत मागच्या खोलीत मिळालं. "मोजायचं बरं होतं. पन ते जुनं होतं तसंच म्हन, लोक पैसे देऊन येतेत."

अक्कानं मान डोलावली आणि ओठांवर बोट ठेवलं. कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मौन.

रविवार

परतायच्या आधी हत्तरसंग कुडल बघायचं ही तिचीच इच्छा, शाळेच्या सहलीत राहून गेलेलं. सोलापूरच्या दक्षिणेला, भीमा आणि सीनेच्या संगमावर. हरिहरेश्वराच्या मंदिरात एकाच शिवलिंगावर साडेतीनशेहून जास्त चेहरे कोरलेले आहेत. बोटानं मोजायला घेतले आणि ड्रमर चाळिसावर चुकला. संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा शिलालेख. सोलापूरचेच संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शेवटची ओळ मराठीत, 'वाछि तो विजेया होईवा', वाचील तो विजयी होईल. मराठीतल्या सगळ्यात जुन्या कोरीव वाक्यांत तिची गणना होते.

मामांनी ती ओळ दोनदा मोठ्यानं म्हटली, चालीवर बसते का बघितली. बसली नाही. अक्का मान वर करून बराच वेळ बघत होती. मग मोबाइलवर काहीतरी लिहून माझ्यासमोर धरलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकण्यासारखं येणार.

'भूक लागली.'

वाटेत एका ओळखीच्यांच्या शेतात हुरडा होता. आगटीतली गरम कणसं, हातावर चोळून काढलेला हिरवा दाणा, शेंगाचटणी, गूळ, दही. सोलापूरच्या ज्वारीबद्दल मी बोलायला लागलो तर आणखी चार पानं होतील, म्हणून नको. अक्का दाणे चोळत मोजत होती की काय कोण जाणे, ओठ हलत होते.

दोनच्या सुमारास मोहोळच्या पुढे माझा फोन वाजला. शेजारच्या जिल्ह्यातले एक आयोजक. काल हॉलमध्ये त्यांचं माणूस होतं म्हणे. मंगळवारी मैदान तयार आहे, आधीची पार्टी फिरली, तुम्ही याल का? आकडा सांगितला तो आमच्या ठरलेल्या बिदागीच्या दुप्पट. जुनं गाणं मात्र जुन्या पट्टीत हवं, पब्लिक तसलं आहे.

मी आरशातून मागे बघितलं. मौन संपलं होतं, पण ती बोलली नाही. अव्वानं दिलेल्या पिशवीतल्या शेंगा सोलत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि परत सोलायला लागली. तिनं सांगावं असं राहिलंच काय होतं? हे उत्तर माझं होतं, तीन वर्षांपूर्वीच द्यायचं.

"जमणार नाही," मी म्हणालो.

"का हो? बाई आजारी आहेत का परत?"

"नाही," मी म्हणालो, आणि तिनं पुढे केलेले शेंगदाणे हातात घेतले.